पहाटेचा आकडा

ग्लुकोजचं पाणी प्यायचा दिवस श्रावणातला. पावसाने असं धरलं होतं की पाचपाखाडीतून नौपाड्यातल्या लॅबपर्यंत रिक्षा मिळायलाच वीस मिनिटं गेली. मला गरोदरपणाचा २५वा आठवडा लागला होता. लॅबमधल्या ताईंनी ७५ ग्रॅमची पुडी ३०० मिली पाण्यात ढवळून हातात दिली. "एका दमात नको, पण दहा मिनिटांच्या आत संपवा. उलटी झाली तर लगेच सांगा." दोन तासांनी रक्त दिलं, तिथूनच ऐरोलीला ऑफिसला गेले, आणि संध्याकाळी परतताना लोकलमध्ये फोनवर रिपोर्ट आला. १६८.

हीच चाचणी पहिल्या तीन महिन्यांत केली तेव्हा ११२ आली होती. सरकारी सूचनांप्रमाणे आपल्याकडे ती दोनदा करतात, पहिल्या तपासणीला आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान. उपाशीपोटी असायची अट नसते. दोन तासांनंतरचा रक्तातल्या साखरेचा आकडा १४० किंवा त्याच्या वर असला की गरोदरपणातला मधुमेह धरतात. पहिल्या ११२वर मी निर्धास्त होऊन बसले होते. माझ्या आईला ४८व्या वर्षापासून मधुमेह आहे, माझं वय ३३, या दोन्ही गोष्टी डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घेतल्या होत्या. तरी १६८ पाहिल्यावर मला आठवले ते फक्त आंबे. मे महिन्यात घरात तीन पेट्या संपल्या होत्या. ठाणे स्टेशनचा पूल चढताना मी एकेक फोड मनात मोजत होते.

"आंब्यांनी झालेलं नाही हे," डॉक्टर म्हणाल्या. आधी हेच वाक्य, मग बाकीचं. पोटात बाळाला पोसणारी वार जसजशी वाढते तसतशी ती अशी संप्रेरकं सोडते की आईच्या इन्सुलिनचा जोर कमी पडायला लागतो. बाळाला साखर मिळत राहावी म्हणून शरीरानेच केलेली ही सोय. बहुतेक बायकांचं स्वादुपिंड जास्तीचं इन्सुलिन तयार करून ही तूट भरून काढतं, काहींचं तेवढं पुरं पडत नाही. आईची जादा साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळ स्वतःचं इन्सुलिन वाढवतं, त्यामुळे अंगाने मोठं होतं, बाळंतपण अवघड होतं, आणि जन्मल्यावर आईकडून येणारी साखर एकदम बंद झाली की बाळाची साखर खाली घसरू शकते. हे शेवटचं मला कोणीच कधी सांगितलं नव्हतं. माझी समजूत होती की आईला मधुमेह तर बाळाची साखरही वाढलेलीच असणार.

दोन आठवडे आहार आणि चालणं, मग पुढचं ठरवू, असं त्यांनी सांगितलं. उपाशीपोटी ९५च्या खाली, जेवणानंतर दोन तासांनी १२०च्या खाली. साखर मोजायला रोज चार वेळा बोट टोचायचं.

रुग्णालयातून एक छापील तक्ता मिळाला होता. ओट्स, ब्राऊन ब्रेड, ऑलिव्ह तेल, किवी. सासूबाईंनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "यात आपल्या घरात शिजणारं काय आहे ग?" दोन दिवस मी ओट्स गिळले. तिसऱ्या दिवशी मधुमेहाच्या डॉक्टरांकडे बसणाऱ्या आहारतज्ज्ञ बाईंची वेळ घेतली आणि सासूबाईंना बरोबर नेलं. स्वयंपाकघर त्यांच्या हातात आहे, मी एकटीने ऐकून काय उपयोग होता? त्या बाईंनी तक्ता दिलाच नाही. घरात सोमवार ते रविवार काय शिजतं ते विचारून लिहून घेतलं आणि त्यावरच खुणा केल्या. भात बंद नाही, पण वाटीने मोजून. प्रत्येक खाण्यात उसळ, डाळ, अंडं, दही यांतलं काहीतरी हवंच. ताटात आधी कोशिंबीर आणि भाजी संपवायची, मग उसळ, आणि पोळी-भाकरी शेवटी. फळ जेवणाबरोबर नको, मधल्या वेळेला, आणि तेही पेरू किंवा अर्धं सफरचंद. सकाळचं खाणं सर्वांत अवघड जाईल, कारण त्या वेळी शरीर इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देतं.

ते अगदी खरं निघालं. पोहे खाल्ले, १५१. पोहे निम्मे करून तेवढीच मोड आलेली मटकी घातली, १२४. मुगाच्या डाळीची धिरडी आणि दही, १०८. पुढचे तीन महिने आमच्या घरात धिरडी इतकी झाली की नवरा रात्रीच डाळ भिजत घालायला शिकला. श्रावणी सोमवारची साबुदाण्याची खिचडी मी हट्टाने एकदा खाऊन पाहिली. १८२. त्या सोमवारनंतर सासूबाईंनी स्वतःहून सांगितलं, उपास तू धरायचा नाहीस, तुझ्या वाटचा मी धरते.

नाचणीने मला सर्वांत जास्त शिकवलं. नाचणी चांगली असते हे सगळेच सांगतात, म्हणून मी दूध-गूळ घालून सत्त्व प्यायले आणि आकडा आला १६३. तीच नाचणी भाकरी करून, मेथीची भाजी आणि मटकीबरोबर खाल्ली तर ११७. धान्याचं नाव बघून काही कळत नाही. ते किती बारीक दळलंय, शिजवून किती पातळ केलंय आणि ताटात बरोबर काय आहे, त्यावर सगळं ठरतं. तुमचं शरीर माझ्यासारखंच वागेल असंही नाही. माझ्या ऑफिसातल्या एकीला दोन पोळ्यांनी काहीच व्हायचं नाही आणि अर्ध्या वाटी भाताने आकडा चढायचा, माझं बरोबर उलटं होतं. म्हणून तर बोट टोचायचं.

जेवणानंतरची पंधरा मिनिटं चालणं मी आधी मनावर घेतलं नव्हतं. मग एकदा तेच जेवण लागोपाठ दोन रात्री जेवले. बसून राहिले त्या रात्री १३१, चालले त्या रात्री ११२. त्यानंतर चुकवलं नाही. पाऊस असला की इमारतीच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधून फेऱ्या, उघडीप मिळाली की कचराळी तलावाभोवती. तिथे तिन्हीसांजेला चालणाऱ्या बायका माझं पोट बघून बाजूला सरून वाट द्यायच्या. न्याहारीनंतरचे दोन तास नेमके ऑफिसात भरायचे, म्हणून मीटर पर्समध्येच असायचा. एकदा तिथे १७१ दिसल्यावर पोटात गोळा आला. मग लक्षात आलं की थोड्याच वेळापूर्वी मैत्रिणीच्या मुलीला केळं सोलून दिलं होतं. साबणाने हात धुऊन, पुसून, दुसरं बोट टोचलं तर ११९. तेव्हापासून आधी हात धुणं, मग स्ट्रिप बाहेर. स्ट्रिप काही स्वस्त येत नाही, घाबरून वाया घालवायची ती चीज नाही.

आठवड्याभरात जेवणानंतरचे आकडे जागेवर आले. उरला पहाटेचा. ९८, १०१, ९७, १०४.

मी रात्रीचं जेवण साडेनऊवरून पावणेआठला आणलं. मग दोन भाकऱ्यांची एक केली. मग अर्धी. मग नुसतं मुगाचं कढण. रात्री भुकेने झोप लागायची नाही, बाळ लाथा मारायचं, मी पाणी पिऊन कूस बदलायची. सकाळी उठल्या उठल्या, दात घासायच्याही आधी, मीटर हातात. १०२. ज्या दिवशी ९६ दिसायचा त्या दिवशी मी आणखी कमी जेवायचं ठरवायची. घरात कोणाला सांगितलं नाही. सासूबाईंना वाटायचं संध्याकाळी ऑफिसात खाऊन आले असेन, नवऱ्याला वाटायचं मळमळतंय. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं एकही काम नव्हतं जे जास्त मेहनत करून सुटलं नाही, आणि हे मात्र सुटत नव्हतं. त्या दहा दिवसांत मी स्वतःशी जितकी वाईट वागले तितकी कधीच वागले नव्हते. हे लिहिते आहे कारण त्याच वेळी दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या दोघीही हेच करत होत्या, हे नंतर कळलं.

पुढच्या भेटीत वजन दीड किलोने उतरलेलं आणि लघवीत किटोन निघाले. मधुमेहाच्या डॉक्टरांनी वही चाळली, मग रात्री काय जेवता ते विचारलं. मी खरं सांगितलं आणि तिथेच रडू फुटलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "पहाटेची साखर तुम्ही रात्री जेवलात त्यातली नसते. तुम्ही झोपलेल्या असता तेव्हा तुमचं यकृत ती तयार करून रक्तात सोडत असतं. एरवी इन्सुलिन त्याला आवर घालतं, वारेच्या संप्रेरकांमुळे सध्या ते जमत नाहीये. तुम्ही उपाशी राहिलात तर शरीर चरबी जाळतं, किटोन वाढतात, आणि आकडा आहे तिथेच राहतो. कमी खाणं हा यावरचा उपाय नाहीच."

दोन आठवडे झाले होते, इन्सुलिनची वेळ आली होती. गोळीचाही पर्याय होता. मेटफॉर्मिन ही गोळी वारेतून बाळापर्यंत जाते, इन्सुलिन जात नाही, हे त्यांनी समजावलं आणि विचार करायला एक दिवस दिला. गोळी घेऊन सगळं नीट पार पडलेल्या बायका मला माहीत आहेत, त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. मी इन्सुलिन निवडलं.

घरी हे सांगितल्यावर पहिल्यांदा आवाज चढला तो फोनवर माझ्या आईचा, साताऱ्याहून. "एकदा सुरू झालं की सुटत नाही ते! माझ्या मावशीचं बघितलंय मी." स्वतः पंधरा वर्षं गोळ्या घेणारी आई इन्सुलिनला एवढी घाबरते हे मला तेव्हा कळलं. मी तिला समजावू शकले नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनीच तिच्याशी फोनवर चार मिनिटं बोलून सांगितलं, काकू, वार बाहेर आली की हे बहुतेक त्याच दिवशी थांबतं. मग ती गप्प झाली, पण तिच्या शब्दाखातर मी सातव्या महिन्यात माहेरी जावं हा बेत मात्र मोडला. डोस दर आठवड्याला बदलणार होता, डॉक्टर इथे. शेवटी आईच बॅग भरून ठाण्याला आली.

रात्री झोपताना ४ युनिट. औषध दुधाळ असतं, कुपी दोन तळव्यांमध्ये हलकेच फिरवून एकसारखं करायचं, जोरात हलवायचं नाही. न उघडलेली कुपी फ्रिजच्या दारात, बर्फाच्या कप्प्याजवळ नाही. पोटावर टोचायचं म्हटल्यावर माझे हात थरथरले, सुई बाळाला लागेल असं वाटत होतं. नर्सबाईंनी चिमटीत कातडी धरून दाखवली, सुई तेवढ्याच चरबीत जाते. पहिले चार दिवस नवऱ्याने टोचलं, पाचव्या दिवशी मी. त्या पाचव्या दिवशी पहाटे ९३ होता. आदल्या रात्री मी दीड भाकरी, वांग्याचं भरीत आणि झोपताना कपभर दूध, चार बदाम असं पोटभर खाल्लं होतं. आकडा बघून मी पुन्हा झोपले, महिन्याभरात पहिल्यांदा.

सिरिंजचा घोळ झाला तो सांगायलाच हवा. डोस ८ युनिटपर्यंत गेला होता आणि पहाटे ९०च्या आसपास स्थिर होतं. सिरिंज संपल्या म्हणून नवऱ्याने घरी येताना वाटेतल्या एका दुकानातून आणल्या. पुढचे तीन दिवस १०१, १०५, १०३. मी पुन्हा स्वतःच्या ताटात चूक शोधायला लागले होते. वही दाखवायला गेले तेव्हा नर्सबाईंनी विचारलं, सिरिंज बघू. नवीन सिरिंजचं टोपण नारिंगी होतं, आधीच्यांचं लाल. माझी कुपी मिलिलिटरला ४० युनिटची, तिला लाल टोपणाची ४०ची सिरिंज लागते. नारिंगी टोपणाची १०० युनिटच्या औषधासाठी असते. तिच्यावर ८च्या खुणेपर्यंत भरलं की माझ्या पोटात जात होते जेमतेम ३ युनिट. उलटं झालं असतं, १००च्या औषधाला ४०ची सिरिंज, तर अडीचपट डोस गेला असता. दुकानदाराने विचारलं नाही, आम्हाला विचारायचं माहीत नव्हतं. त्या रात्री नवऱ्याने कुपीवरचा ४० आणि सिरिंजवरचा ४० यांचे फोटो काढून फ्रिजच्या दारावर चिकटवले.

गणपती मधेच येऊन गेले. उकडीच्या मोदकांवरून घरात आधीच बोलणं झालं होतं: एक मोदक, भाताच्या ऐवजी, जेवणाच्या शेवटी, मग पार्किंगमध्ये फेऱ्या. १२६ आला. वर होता, पण वहीत मी त्यापुढे नुसतं "मोदक" लिहिलं आणि डॉक्टरांनीही तो शब्द वाचून पान उलटलं. आरतीला आलेल्या एका काकूंनी "दोन जिवांचं खायचं असतं, हे काय वाटीने मोजणं" असं सुरू केलं. सासूबाईंनी त्यांच्या हातात प्रसादाची वाटी दिली आणि म्हणाल्या, "तिचं मी मोजते, ती नाही." डोहाळजेवणाला पंचपक्वान्नांच्या ताटात माझ्यासमोर त्यांनी मुगाची कोशिंबीर, भरली ढोबळी मिरची, सुरळीच्या वड्या आणि पनीरची भाजी असं वाढलं होतं, आणि ते ताट बाकीच्यांपेक्षा जास्त सजवलं होतं.

नवरात्रात एका रात्री तीनच्या सुमाराला मी घामाने भिजून जागी झाले, हात कापत होते. मीटरवर ६२. झोपतानाचं दूध त्या रात्री राहून गेलं होतं. उशाशी ठेवलेल्या डब्यातली ग्लुकोजची तीन चमचे पूड पाण्यातून घेतली, पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं, ८८. मग थोडी पोळी-भाजी खाऊन झोपले आणि सकाळी डॉक्टरांना कळवलं. तोवर मला फक्त वर जाणाऱ्या आकड्याची भीती वाटत होती.

डोस वाढत १६पर्यंत गेला. वार मोठी होत होती, तेव्हा गरज वाढणारच होती. उलट शेवटच्या आठवड्यांत साखर कारण नसताना एकदम उतरायला लागली, तर वाट न बघता कळवा, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं. बत्तिसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या पोटाचा घेर बाकीच्या मापांपेक्षा थोडा पुढे होता, छत्तिसाव्यात सगळं बरोबरीला आलं. दिवाळीत आईने माझ्यासाठी भाजणीची चकली केली. एकच, ताकाबरोबर.

अडतीस आठवडे आणि तीन दिवस झाल्यावर कळा आणायचं औषध दिलं. बाळंतपण लांबलं, पण नेहमीच्या वाटेने झालं. मुलगी, ३ किलो १०० ग्रॅम. मी तिला छातीशी घेतलं असतानाच तिच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेतला. ४१. ४५च्या वर हवी होती. नर्सबाईंनी घाई न करता तिला माझ्या अंगाशी नीट लावून दिलं, चीक थेंब थेंब तिच्या तोंडात गेला, आणि पुढच्या टोचणीला ५३. मग ५८. मग ६४. तिच्या टाचेवरचे ते लाल ठिपके बघताना मला माझ्या बोटांवरचे तीन महिने आठवले नाहीत, एवढंच वाटलं की हिला लागतंय. पण का टोचतात ते मला माहीत होतं, म्हणून मी घाबरले नाही.

इन्सुलिन त्याच दिवशी बंद झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे, वॉर्डात अजून दिवे लागले नव्हते, तेव्हा माझा आकडा ८६ होता. आईला उठवून दाखवला. ती चष्म्याशिवाय मीटर लांब धरून बराच वेळ बघत राहिली.

सहा आठवड्यांनी तीच ७५ ग्रॅमची पुडी पुन्हा. या वेळी मात्र उपाशीपोटी. ही चाचणी चुकवणाऱ्या बायका खूप असतात, आणि का चुकवतात ते मला त्या सकाळी कळलं. रात्रभर जागरण, दर दोन तासांनी दूध, आणि उपाशी पोटाने लॅबमध्ये दोन तास बसायचं कसं? सासूबाई आणि आई दोघी बरोबर आल्या. एकीने बाळ धरलं, दुसरी माझ्यासाठी डबा घेऊन बसली. मी मधे तिथल्या आडोशाला बसून तिला पाजलं. उपाशीपोटी ९४, दोन तासांनी १३२, दोन्ही मर्यादेच्या आत. पुढे मला मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त आहे, म्हणून दर वर्षी तपासायचं आहे आणि पुढचं बाळंतपण ठरवायच्या आधीही.

रक्त देऊन झाल्यावर आईने लॅबच्या काउंटरवर स्वतःचंही नाव सांगितलं. सासूबाईंनी तिच्या मागोमाग. त्यांनी आजवर कधी साखर तपासलीच नव्हती.